नागपूरच्या फ्लॅटमधला टेरियर गावाकडे नेताय? पट्टा सोडण्याआधी हे वाचा

डिसेंबर लागला की नागपूरकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय असतो, जायचं कुठं? रामटेकजवळचं खिंडसी, काटोलकडं कुणाच्यातरी मामाचं संत्र्याचं वावर, हुरड्याचं आमंत्रण, नाहीतर पेंचच्या रस्त्यावरचा एखादा रिसॉर्ट. हल्ली या प्लॅनमध्ये आणखी एक मेंबर असतो. चार पायांचा, पाच ते आठ किलोचा आणि घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त एनर्जी असलेला.

जॅक रसेल म्हणा, फॉक्स टेरियर म्हणा, शहरात हे कुत्रे वाढलेत. अंगानं लहान, केस कमी, फ्लॅटमध्ये मावतात म्हणून लोक घेतात. मग गावाकडं गेल्यावर मालकाच्या मनात येतं, बिचारा आठवडाभर चौथ्या मजल्यावर कोंडलेला असतो, इथं तरी मोकळा पळू दे. आणि पट्टा काढला जातो.

बहुतेक लफडी त्यानंतरच्या दहा मिनिटांत होतात. का होतात, ते समजायचं तर आधी टेरियर म्हणजे काय प्रकरण आहे ते बघावं लागेल.

नावातच जमीन आहे

एचएमव्हीच्या जुन्या तबकडीवर भोंग्यासमोर मान वाकडी करून बसलेला कुत्रा आठवतो? त्याचं नाव निपर. १८८४ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये जन्मलेला, टेरियरच्या वळणाचा कुत्रा. घरी आलेल्या पाहुण्यांच्या पायाला चिमटे काढल्यासारखे चावे घ्यायचा, म्हणून निपर. टिनटिनचा स्नोई, तोसुद्धा वायर फॉक्स टेरियर. (‘हम आपके है कौन’मधला टफी स्पिट्झ होता, त्याला यात ओढू नका.)

टेरियर हा शब्द लॅटिनमधल्या ‘टेरा’वरून आला. टेरा म्हणजे जमीन. या कुत्र्याचं काम होतं जमिनीखालचं. कोल्हा बिळात शिरला की त्याच्यामागं आत जायचं, भुंकून, अंगावर जाऊन त्याला बाहेर काढायचं. १८१९ साली ऑक्सफर्डला शिकणाऱ्या जॉन रसेल या तरुणानं एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची टेरियर कुत्री विकत घेतली. (हो, ट्रम्प. कमेंटमध्ये सुरू होऊ नका.) रसेल पुढं डेव्हनमध्ये पाद्री झाला, शिकारीचा नाद काही सुटला नाही, आणि त्याच्या कुत्र्यांच्या वंशाला त्याचंच नाव पडलं.

आता यातली खरी मेख बघा. लॅब्रेडॉर घडवला गेला तो पाडलेला पक्षी मालकाला आणून देण्यासाठी. मेंढ्या हाकणारा कुत्रा घडवला गेला तो मालकाच्या शिट्टीवर वळण्यासाठी. या दोघांच्या कामात माणूस कायम समोर असतो. टेरियरच्या कामात माणूस नव्हताच. अंधाऱ्या बिळात, अंगाला अंग लागेल एवढ्या जागेत, समोर दात विचकलेला प्राणी असताना काय करायचं हे त्याला एकट्यानं ठरवावं लागायचं. जो मागं वळून बघायचा, तो कुत्रा कामाचा नव्हता. जो घुसायचा, त्याचीच पिल्लं पुढं वाढवली गेली.

त्यामुळं हॉलमध्ये ‘ये’ म्हटल्यावर धावत येणारा तुमचा टेरियर वावरात ससा उठल्यावर येत नाही, तेव्हा तो उद्धट झालेला नसतो. चाहूल, नजर, पाठलाग, पकड, झटका अशी शिकारीची एक साखळी कुत्र्याच्या डोक्यात असते आणि टेरियरमध्ये ती शेवटपर्यंत शाबूत आहे. पाठलाग सुरू झाला की तुमच्या हाकेकडं त्याचं लक्षच राहत नाही. फ्लॅटमध्ये ही साखळी पाल, खारुताई आणि डिलिव्हरीवाल्यावर भागवली जाते. वावरात तिला खरा माल मिळतो.

बिळात कोण राहतं?

इंग्लंडात बिळात कोल्हा होता. विदर्भातल्या काळ्या मातीत मामला वेगळा आहे. पाऊस संपून माती वाळू लागली की जमिनीला भेगा पडतात, धुऱ्यावर उंदरांची आणि घुशींची बिळं असतात, आणि उंदरांच्या मागं साप येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही महत्त्वाचे विषारी साप महाराष्ट्रात आहेत. थंडीत साप नसतात असं आपण धरून चालतो, पण घोणस हिवाळ्यातही सकाळच्या उन्हाला पडलेली दिसते. ती कुकरची वाफ सुटल्यासारखा मोठा आवाज करते. दुसरी जात हा आवाज ऐकून कदाचित दोन पावलं मागं सरेल. टेरियरला तो आवाज म्हणजे आमंत्रण वाटतं.

त्यामुळं टेरियरला साप चावतो तो बऱ्याचदा तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर. तुम्हाला दिसतं ते एवढंच: अचानक किंचाळणं, सुजत जाणारं थोबाड, लाळ. नाग किंवा मण्यार असेल तर सूज कमी आणि पाय लुळे पडणं जास्त. अशा वेळी दोरी बांधणं, चिरा देणं, रक्त चोखणं यातलं काहीही करायचं नाही. त्याला चालवायचंसुद्धा नाही, उचलून गाडीत ठेवायचं आणि निघायचं. माणसांसाठीचं जे प्रतिसर्पविष आपल्याकडं मिळतं, ते या चारही सापांवर चालतं आणि पशुवैद्यक तेच कुत्र्यांनाही देतात. प्रश्न ते जवळ कुठं मिळेल हा असतो. म्हणून निघण्याआधीच दोन फोन करा. एक आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना, दुसरा जिथं जाताय त्या तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्याला. रविवारी कोण असतं, प्रतिसर्पविष आहे का, एवढंच विचारायचं. नागपूरला सेमिनरी हिल्स भागात १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचा दवाखाना आहे. तिथली सुट्टीच्या दिवसाची वेळही विचारून ठेवा.

घोरपडीचंही लक्षात ठेवा. तिला वन्यजीव संरक्षण कायद्यात परिशिष्ट एकचं, म्हणजे वाघाच्याच दर्जाचं संरक्षण आहे. आणि १९७२ च्या या कायद्यात शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. वन्य प्राण्याला हाकणं, त्याचा पाठलाग करणं, तसा प्रयत्न करणं हेही तिच्यात येतं. कुत्रा घोरपडीमागं लागलाय आणि आपण ‘शाब्बास’ म्हणत रील काढतोय, हा व्हिडिओ पुढं कुणाच्या फोनवर जाईल ते सांगता येत नाही.

करंट

विदर्भात टेरियरसाठी मला सगळ्यात मोठी भीती वाटते ती सापाचीही नाही. तारेची वाटते.

रानडुक्कर एका रात्रीत उभं पीक झोपवतं. त्यामुळं शेतकरी कुंपण घालतात. यातलं सौर कुंपण, ज्याला गावात झटका मशीन म्हणतात, ते थांबून थांबून झटका देतं. त्यानं प्राणी पळतो, मरत नाही. जंगलालगतच्या गावांना यासाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून मदतही मिळते. पण काही ठिकाणी थेट विजेच्या लाइनवर आकडा टाकून तारेत करंट सोडतात. तो बेकायदा आहे आणि जीवघेणा आहे. उमरेड-कऱ्हांडल्याचा जय वाघ तुम्हाला माहीत असेलच. त्याचा बछडा श्रीनिवास एप्रिल २०१७ मध्ये नागभीडजवळ अशाच तारेच्या करंटनं गेला. पूर्ण वाढलेला वाघ जिथं वाचत नाही, तिथं सहा किलोच्या जॅक रसेलचं काय सांगायचं. त्यात ही तार डुकरासाठी असते, म्हणजे जमिनीपासून फार वर नसते. नेमकी टेरियरच्या छातीच्या उंचीवर.

तसाच दुसरा प्रकार म्हणजे डुकरासाठी ठेवलेले गावठी बॉम्ब. खाण्याच्या गोळ्यात स्फोटक असतं, चावलं की फुटतं. आणि घुशींसाठीचं झिंक फॉस्फाइड कणकेत कालवून धुऱ्यावर ठेवलेलं असू शकतं. फवारणीच्या हंगामात कपाशीत, संत्र्याच्या बागेत औषधाचे रिकामे डबे आणि पाणी कालवलेले ड्रम असतात. फवारणीचं औषध माणसालाही सोडत नाही, हे २०१७ मध्ये यवतमाळनं बघितलंय. कुत्रा तर चाटून बघतो.

यावर उपाय गुगलवर मिळणार नाही. ज्याचं वावर आहे त्याला विचारा. “काका, कुठं तार लावली आहे का? औषध ठेवलंय का? आजूबाजूच्यांनी?” शेजारच्या वावराचंही विचारायचं, कारण टेरियर धुरा मानत नाही. काका हसून म्हणतील, बाप्पा, कुत्र्यासाठी एवढं! म्हणू द्या.

अंगणात बांधायचं नाही

गावाकडं कुत्रा बाहेर झोपतो. घरच्या म्हाताऱ्या माणसाला कुत्रा अंथरुणात घेतलेला आवडत नाही, त्यामुळं पाहुणा कुत्राही ओसरीला बांधला जातो. जिथं बिबट्या आहे, तिथं हे करू नका.

बिबट्या काय खातो यावर महाराष्ट्रातच चांगलं काम झालंय. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात, म्हणजे जंगल नव्हे, उसाचा आणि वस्त्यांचा मुलूख, तिथं विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली. २०१४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बिबट्यांनी खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. शेळ्या त्याच्या बऱ्याच खाली होत्या.

विदर्भात जंगल आहे, हरणं आहेत, त्यामुळं हाच आकडा इथं चिकटवता येणार नाही. पण बिबट्याला गेट कुठं आहे ते माहीत नसतं. पेंच, उमरेड, ताडोबा, बोर या सगळ्यांच्या कडेला वावरं आहेत आणि बिबट्या त्यातूनच फिरतो. बांधलेला, भुंकणारा लहान कुत्रा म्हणजे त्याच्यासाठी ताट वाढून ठेवल्यासारखं. रात्री कुत्रा खोलीत, दार लावून. लघवीला न्यायचं तर पट्टा, बॅटरी आणि शक्यतो दोन माणसं. पहाटे उजाडण्याच्या आधी तर मुळीच सोडायचं नाही.

व्याघ्र प्रकल्पात पाळीव कुत्रा नेता येत नाही, सफारीच्या जिप्सीतही नाही. त्यामुळं ताडोब्याला जाऊन कुत्र्याला रिसॉर्टच्या खोलीत कोंडून सहा तास सफारी करायची, हा प्लॅन मला तरी कळत नाही. घरी कुणाकडं ठेवलेला बरा.

आपल्याकडून त्यांना काय जातं?

ही बाजू फारसं कुणी बोलत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गुजरातच्या गीरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं नमुने तपासले तेव्हा त्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. नावाप्रमाणं हा मूळचा कुत्र्यांचा आजार. आपल्याकडं सोलापूरच्या नान्नज भागात संशोधकांनी गावातली कुत्री आणि रानातल्या खोकडांची तपासणी केली, तेव्हा डिस्टेंपर आणि पार्व्होच्या खुणा दोघांतही मिळाल्या.

म्हणजे लसीचं कार्ड अपडेट असणं हा फक्त तुमच्या कुत्र्याचा प्रश्न नाही. डिस्टेंपर-पार्व्होची लस, लेप्टोची लस आणि रेबीज, या तिन्ही तारखा बघा. रोग उलट दिशेनंही येतो: गावात अनेक कुत्र्यांना कधीच काही टोचलेलं नसतं. लस आज देऊन उद्या निघालात तर उपयोग कमी, अंगात तयारी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. गावकुत्र्यानं तुमच्या कुत्र्याला चावा घेतला तर रेबीजची लस झालेली असली तरी डॉक्टरांना सांगून पुन्हा डोस घ्यायचा. तुमच्या कुत्र्यानं गावातल्या एखाद्या पोट्ट्याला चावा घेतला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. ‘आमच्याला इंजेक्शन दिलंय’ म्हणून विषय मिटवायचा नाही.

आणि कोंबड्या. टेरियर एक कोंबडी मारून थांबत नाही. खुराड्यात शिरला तर सगळ्या संपवतो, कारण त्याच्या पूर्वजांना धान्याच्या कोठारातले उंदीर असेच एकामागून एक मारायला शिकवलेलं. झालं तर हसण्यावारी न नेता पैसे द्या. कुणाच्यातरी घरची ती कमाई असते.

मग न्यायचंच नाही का?

न्यायचं. जरूर न्यायचं. वासांनी भरलेलं वावर हे टेरियरसाठी जत्रेसारखं आहे आणि चार भिंतींत त्याला ते कधीच मिळणार नाही. फक्त ‘मोकळं’ या शब्दाचा अर्थ बदलायचा: दहा ते पंधरा मीटरची लांब दोरी.

ही दोरी गळ्यातल्या पट्ट्याला बांधायची नाही, छातीच्या हार्नेसला बांधायची, कारण टेरियर पूर्ण वेगात जाऊन शेवटाला हिसका खातो. बटण दाबून आत-बाहेर होणारा पट्टा इथं नको, त्याची बारीक दोरी काट्यात अडकते, हातही कापते. साधी, जाड, सपाट पट्टी घ्या. तिच्यावर तो हुंगेल, उकरेल, लोळेल, धुऱ्यावरून धावेल. तुम्ही मात्र तो काय उकरतोय ते बघू शकाल आणि वेळेत मागं घेऊ शकाल. पंधरा मीटरमध्ये टेरियरला अख्खा दिवस पुरेल एवढं काम सापडतं.

हाकेची तयारी दोन-तीन आठवडे आधी सुरू करा, तीही बक्षीस तगडं ठेवून. उकडलेलं चिकन, बिस्किट नको. आधी घरात, मग सोसायटीत, मग फुटाळ्याच्या बाजूला गर्दीत. आणि एक युक्ती जरूर करा: त्याला उकरायची एक हक्काची जागा द्या. बागेचा एक कोपरा नीट तपासून घ्या, तिथं माती मोकळी करून खाली खेळणं पुरा आणि त्याला सोडा. अर्धा तास असं उकरलेला टेरियर दोन तास फिरवलेल्या टेरियरपेक्षा शांत झोपतो.

प्रवासाचं थोडक्यात. कारमध्ये हार्नेस बेल्टला अडकवा, खिडकीतून मान बाहेर नको. रेल्वेनं जाणार असाल तर कुत्रा सोबत ठेवता येतो तो फर्स्ट एसी किंवा फर्स्ट क्लासचा कुपे किंवा केबिन पूर्ण तुमच्या नावावर असेल तरच. स्लीपर, थ्री टियर, टू टियर, चेअर कारमध्ये नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत, आणि तसा प्रवास मी कुणाला सुचवणार नाही.

उन्हाचं मात्र सविस्तर बोलायला हवं. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त तळव्यांना, बाकी सगळी उष्णता धापेतून जाते. नागपुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा हा प्लॅन रद्दच समजा. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीतही दुपारची बंद गाडी धोक्याचीच असते, आतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकतं. त्यात टेरियर दमला म्हणून थांबत नाही, थांबवावं तुम्हाला लागतं. जीभ रुंद होऊन लोंबतेय, हिरड्या गडद लाल, चालताना तोल जातोय, असं दिसलं तर सावलीत घेऊन आधी अंगावर साधं पाणी ओतत राहा, वारा घाला, मग दवाखाना. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आत उष्णता कोंडते.

खाण्यात पाहुणचार आड येतो. सावजी रस्सा, झुणका, कांदा-लसणाचं काहीही नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. द्राक्षं, मनुका नकोत. शिजलेली हाडं नकोत. ज्वारीचा हुरडा चार दाणे खाल्ला तर काही होत नाही, पण सोबतची लसणाची चटणी त्याच्यापासून लांब ठेवा. आणि अंग गरम लागलं म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी द्यायची नाही.

रविवारी रात्री घरी आल्यावर

पावसाळ्यानंतरच्या गवतात कुसळं असतात. ती भाल्यासारखी आत घुसत जातात, मागं येत नाहीत. बोटांच्या मधली जागा, कानाच्या आतली बाजू, काखा, डोळ्यांच्या कडा हातानं चाचपून बघा. कुत्रा सतत एकच कान झटकतोय किंवा सारखा शिंकतोय तर कुसळ आत गेलंय असं धरा आणि डॉक्टरांकडं न्या. तळव्यात गोखरू असतील तर चिमट्यानं काढता येतात.

गोचिडीही तेव्हाच शोधा. कान, मान, शेपटीखाली, बोटांच्या बेचक्यात. चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढायची. रॉकेल, पेटती काडी, हाताने चिरडणं काही नको. गोचिडीचं औषध जाण्याआधीच डॉक्टरांना विचारून द्यायला हवं, आल्यावर दिलेलं उशिराचं असतं.

गोचिडीचा ताप, म्हणजे एर्लिकिया किंवा बबेसिया, लगेच दिसत नाही. चावल्यापासून एक ते तीन आठवडे जातात. तोवर ट्रिपचे फोटो खाली गेलेले असतात आणि गावाला गेलो होतो हे आपण विसरलेलो असतो. या काळात जेवण सोडलं, अंग तापलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद तांबडी झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा की दोन आठवड्यांपूर्वी याला वावरात नेलं होतं.